ड्रेस्डेनमधलं घर आणि पुराची रेषा

सप्टेंबर २०२५ मध्ये ग्रुंडबुखचा, म्हणजे इथल्या मालमत्तांच्या नोंदवहीचा, उतारा पोस्टाने आला आणि जवळजवळ वर्षभर चाललेलं आमचं घरखरेदीचं काम संपलं. या वर्षात रात्री जागून मी खूप वाचलं, पण मराठीत फारसं काही हाताला लागलं नाही. जर्मनीत घर घ्यायचं ठरवलेल्या एखाद्या सांगलीकराला, साताऱ्याच्या किंवा कोल्हापूरच्या माणसाला उपयोग व्हावा म्हणून झालं तसं सगळं लिहून ठेवते आहे.

आम्ही जून २०१९ मध्ये ड्रेस्डेनला आलो. मी चिप बनवणाऱ्या कारखान्यात काम करते. लेक तेव्हा तीन वर्षांची होती. घरातल्या बॅगा अजून पुरत्या उघडल्याही नव्हत्या आणि ऑगस्टमध्ये कृष्णेला पूर आला. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी इशारा पातळी ४० फूट, धोक्याची ४५. त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. गावभागातल्या आमच्या घरात साडेपाच फूट पाणी होतं. आई-अण्णांनी शेजाऱ्यांच्या गच्चीवर दोन रात्री काढल्या, मग बोट आली. त्यांचा फोन बंद पडला होता. मी इथे कारखान्याच्या कँटीनमध्ये बसून सांगलीच्या ओळखीच्या-अनोळखी माणसांना मेसेज करत होते. ती दोन रात्रींची असहायता माझ्या अंगातून गेलेली नाही. त्यामुळे घर घ्यायची वेळ आली तेव्हा बाल्कनी, शाळा, ट्रामचा थांबा या सगळ्याच्या आधी मला एकच बघायचं होतं, पाणी कुठवर येतं.

घर घ्यावं लागलं ते घरमालकांमुळे. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांचं पत्र आलं की मुलासाठी फ्लॅट हवा आहे, खाली करा. इथे स्वतःच्या वापरासाठी मालक भाडेकरूला काढू शकतो, पण पाच वर्षांहून जास्त राहिलेल्या भाडेकरूला सहा महिन्यांची मुदत द्यावी लागते. म्हणजे एप्रिल २०२५ अखेर. पत्र स्वयंपाकघरात टेबलावर होतं आणि आम्ही दोघं त्याच्याकडे बघत बसलो. भाड्याची घरं शोधायला गेलो तर एकेका घराला जिन्यापासून फुटपाथपर्यंत रांग. मग नवरा म्हणाला, भरायचंच आहे तर हप्ता भरू.

त्याच्या महिनाभर आधी, ११ सप्टेंबरच्या पहाटे, एल्बे नदीवरच्या कारोला पुलाचा एक भाग कोसळला होता. माझी ७ नंबरची ट्राम त्याच पुलावरून जायची. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. आठवडाभरात नदीही चढली, सहा मीटरच्या थोडी वर गेली. अण्णांनी सांगलीतून फोन केला. पहिला प्रश्न, "तुमच्या पुलाची धोक्याची पातळी किती?" मी शोधून सांगितलं की इथे चार पायऱ्या आहेत, ४, ५, ६ आणि ७ मीटर. अण्णांनी वहीत लिहून घेतलं. तेव्हापासून एल्बेची पातळी माझ्याआधी त्यांना कळायची.

पहिला फ्लॅट नोव्हेंबरमध्ये बघितला, लाउबेगास्टमध्ये. नदीकाठची टुमदार वस्ती, समोर पाणी, पलीकडे झाडं, आणि किंमत आम्ही बघितलेल्या यादीत सगळ्यात कमी. नवरा तिथल्या तिथे हरखला होता. मी खाली उतरून घराच्या बाहेरच्या भिंती बघत फिरले. दोन घरं सोडून एका भिंतीवर पुराच्या खुणा होत्या, २००२ ची आणि २०१३ ची. ड्रेस्डेनला २००२ च्या ऑगस्टमध्ये एल्बे ९.४० मीटरला गेली होती आणि २०१३ च्या जूनमध्ये ८.७८ ला. खुणेपाशी उभी राहिले तर वरची माझ्या कपाळाच्या वर. सांगलीच्या घरात जिन्याखालच्या भिंतीवर अण्णांनी अशाच दोन रेषा ठेवल्या आहेत, २००५ ची खाली, २०१९ ची वर. रंगाऱ्याला तेवढी पट्टी सोडायला लावली होती. मी त्या खुणेचा फोटोही काढला नाही. थेट ट्रामचा थांबा गाठला.

इथल्या जवळपास प्रत्येक जुन्या इमारतीला तळघर असतं, त्याला केलर म्हणतात. प्रत्येक फ्लॅटच्या वाट्याला त्यातली एक जाळीची खोली येते. सायकली, हिवाळ्याचे टायर, लोणच्याच्या बरण्या सगळं तिथे. अण्णांनी आयुष्यभर हळदीच्या अडतीवर दिवाणजी म्हणून काम केलं. त्यांना केलर समजावून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे पेवच की." २००५ च्या पुरात सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, पाणी शिरून हळद गेली ती त्यांनी डोळ्यांनी बघितलेली. पुढे म्हणाले, "वरची खोली कितव्या मजल्यावर आहे ते नंतर सांग. आधी पेव कोरडं आहे का बघ."

हा सल्ला मी जसाच्या तसा तुम्हाला देते. फ्लॅट बघायला गेलात की आधी केलर बघा. भिंतीचा खालचा हातभर भाग नवीन रंगवलेला आहे का, लोकांनी सामान जमिनीवर ठेवलंय की फळ्यांवर चढवलंय, वास कसला येतो. ड्रेस्डेन महापालिकेचा विषयवार नकाशा इंटरनेटवर फुकट आहे, त्यात जुन्या पुरांची हद्द घरागणिक दिसते. दुसरं म्हणजे इमारतीच्या विम्यात पूर आपोआप धरलेला नसतो. 'एलेमेंटार' नावाचं वेगळं कलम घ्यावं लागतं. विमा सगळ्या इमारतीचा मिळून असतो, तेव्हा हे कलम आहे का ते व्यवस्थापकाला लेखी विचारा.

डिसेंबर बँकेत गेला. शूफा नावाचा पतअहवाल, तीन महिन्यांच्या पगारपावत्या, कराचं आकारणीपत्र, राहण्याचे परवाने. माझा परवाना कायमचा आहे. नवऱ्याचा मुदतीचा होता आणि २०२६ मध्ये संपणार होता, तेवढ्यावर पहिल्या बँकेने नाही म्हटलं. तीन आठवडे थांबवून दोन ओळींचं पत्र. मला रडू आलं होतं, ते लिहायला हरकत नाही. मग कर्ज जुळवून देणाऱ्या मध्यस्थाकडे गेलो. तो आपल्याकडून काही घेत नाही, बँक त्याला देते. कोणती बँक मुदतीचा परवाना चालवून घेते हे त्याला पाठ असतं. मी आधीच त्याच्याकडे गेले असते तर महिना वाचला असता.

त्याने पहिल्या बैठकीत एक आकडा कागदावर मोठा लिहिला, ११ टक्के. किमतीच्या वर लागणारा खर्च. आमच्या साक्सनी राज्यात मालमत्ता खरेदीचा कर साडेपाच टक्के, दलालाचे ३.५७ आणि नोटार व नोंदणीचे मिळून साधारण दोन. कर राज्याराज्यात वेगळा आहे, बायर्नमध्ये साडेतीन तर नॉर्डराइन-वेस्टफालेनमध्ये साडेसहा. बहुतेक बँका या वरखर्चाला कर्ज देत नाहीत, तो आपल्या खिशातून. शिवाय किमतीचा दहावा हिस्सा तरी आपला हवा. आमच्याकडे ३४,००० युरो जमले होते. मला वाटत होतं, खूप आहेत.

जानेवारीत ल्योब्टाऊमधला फ्लॅट आवडला. उंच छत, लाकडी जमीन, शाळा पाच मिनिटांवर. दलाल म्हणाला, एल्बे इथून लांब आहे. नकाशावर खरंच लांब होती. रात्री अण्णांना सांगितलं तर त्यांनी विचारलं, "दुसरी नदी नाही ना? ओढा?" होती. वाइसेरित्स. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रेल्वेसाठी तिचं पात्र वळवलं होतं आणि २००२ मध्ये ती पुन्हा जुन्या पात्रातून शहरात शिरून थेट मुख्य रेल्वे स्थानकात गेली होती. सांगलीतलं पाणी साचणारं श्यामरावनगर माहीत असलेल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही.

तरीही मी अडून होते, कारण तो फ्लॅट फार सुंदर होता. मग कागद मागवले. फ्लॅट घेण्याआधी मालकसभांची गेल्या तीन वर्षांची इतिवृत्तं मागायची असतात, इमारतीच्या वाटणीचं घोषणापत्र, दुरुस्ती निधीत किती शिल्लक आहे आणि वर्षाचा खर्चाचा आराखडाही. माझं जर्मन बी-वन, म्हणजे मधल्या पातळीचं. शब्दकोश घेऊन तीन संध्याकाळी इतिवृत्तं वाचली. २०२३ च्या सभेत सहावा ठराव होता, गटाराचं पाणी उलटं येऊ नये म्हणून केलरमध्ये झडप बसवण्याचा. खर्च जास्त म्हणून पुढे ढकलला. म्हणजे पाणी उलटं येतं हे त्यांना ठाऊक होतं. २०१९ ला आमच्या घरात आधी नदी नाही आली. आधी मोरीतून पाणी वर आलं. दुसऱ्या दिवशी दलालाला नाही म्हणून कळवलं. इतिवृत्तं दिली नाहीत तर तो फ्लॅट तिथेच सोडा, आणि दिली तर प्रत्येक ओळ वाचा.

१० फेब्रुवारीला क्लोट्शेचा फ्लॅट बघितला. हा भाग नदीच्या उत्तरेला, उंचावर, पाइनच्या रानाला लागून. विमानतळ जवळ असल्याने विमानांचा आवाज आहे, तो आजही आहे. १९९० च्या दशकातली इमारत, दुसरा मजला, ६८ चौरस मीटर, तीन खोल्या. केलरमध्ये लोकांची पुठ्ठ्याची खोकी थेट जमिनीवर ठेवलेली होती आणि बुडाला कोरडी. मी एक खोकं वाकून हाताने चाचपून बघितलं, दलाल बघत राहिला. सांगितलेली किंमत २,०४,००० युरो, ठरली १,९८,०००. देखभालीचा मासिक खर्च २६० युरो. त्याला हाउसगेल्ड म्हणतात आणि हप्त्याचा हिशोब करताना नेमका तोच विसरला जातो.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात जर्मनीत व्याजदर एकदम चढले. आम्हाला फेब्रुवारीत साडेतीन टक्के सांगितलं होतं, हातात पत्र आलं ते ३.७ चं, दहा वर्षांसाठी पक्कं. कर्ज १,७८,२०० युरो, हप्ता ८४६. आपल्याकडे बदलत्या दराचं गृहकर्ज मुदतीआधी फेडलं तर दंड नसतो. इथे पक्क्या दराचं कर्ज मध्येच फेडलं तर बँक मोठी भरपाई मागते. म्हणून दरवर्षी पाच टक्के जादा भरायची मुभा करारात लिहून घेतली. दहा वर्षांनंतर मात्र सहा महिन्यांची सूचना देऊन सगळं फेडता येतं, तो कायद्यानेच दिलेला हक्क आहे.

आता पैशांची बेरीज. वरखर्च साधारण २१,६००, आमचा हिस्सा १९,८००, म्हणजे ४१,४००. कमी पडत होते साडेसात हजार, आणि सामान हलवायचे वेगळेच. मी अण्णांना काही मागितलं नव्हतं. आईने त्यांना सांगितलं असावं. एका रविवारी ते म्हणाले, "एक ठेव मार्चात पिकते. साडेनऊ लाख आहेत. तुला पाठवतो." त्यातले बरेच पैसे पुरानंतर घर दुरुस्त करायला ठेवलेले आणि मग न वापरलेले होते. मी दोन दिवस फोन केला नाही. तिसऱ्या दिवशी हो म्हटलं.

सांगलीतून पैसे पाठवायचं काम त्यांनी ७१ व्या वर्षी एकट्याने केलं. भारतात राहणाऱ्या माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत परदेशी पाठवता येतात, मुलीला भेट म्हणूनही. मात्र त्यांची ठेव ज्या सहकारी बँकेत होती तिथून थेट परदेशी पाठवायची सोय नव्हती. ठेव दुसऱ्या बँकेतल्या जुन्या खात्यात वळवली. तिथे परकीय चलनाचं काम विश्रामबागच्या शाखेत होतं. पहिल्या फेरीत पॅन कार्डची प्रत राहिली, दुसऱ्या फेरीत परदेशी पैसे पाठवायच्या ए-टू अर्जावर माझ्या खात्याचा आयबॅन क्रमांक एका आकड्याने चुकला. तिसऱ्या फेरीत काम झालं. त्याआधी आमच्या सीए काकांनी एक मोलाची गोष्ट सांगितली होती. मार्चमध्ये पाठवले असते तर सात लाखांच्या वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे बँक आगाऊ वसूल करते तो कर, कापला गेला असता. १ एप्रिल २०२५ पासून ती मर्यादा दहा लाख झाली. कापलेला टीसीएस विवरणपत्रात परत मिळतो, पण आम्हाला पैसे तेव्हाच हवे होते. अण्णा थांबले आणि १६ एप्रिलला पूर्ण रक्कम निघाली. माझ्या खात्यात ९,८०० युरोंच्या आसपास जमा झाले.

जर्मन बाजूने दोन गोष्टी. बँक पैसा कुठून आला ते विचारते, म्हणून अण्णांच्या ठेवीची पावती आणि साध्या इंग्रजीतलं भेटपत्र तयार ठेवलं होतं. आणि आईवडिलांकडून मुलाला दहा वर्षांत चार लाख युरोंपर्यंतच्या भेटीवर इथे कर नाही, पण तीन महिन्यांच्या आत कर कार्यालयाला कळवावं लागतं. एका पानाचं पत्र पुरलं. माझ्या एका मामांनी मधेच विचारलं होतं, रोख किती द्यायचे? काहीच नाही. एप्रिल २०२३ पासून इथे घराची किंमत रोखीने द्यायला कायद्याने बंदी आहे.

मधे नोटारचा दिवस राहिला. अण्णांची इच्छा होती की सही पाडव्याला व्हावी. पाडवा ३० मार्चला होता, रविवार, इथे कार्यालय बंद. मिळाली ती २७ मार्चची सकाळ. आपल्याकडे नोटरी म्हणजे कोर्टाबाहेर प्रतिज्ञापत्रावर शिक्का मारणारे वकील. इथला नोटार आपल्या दुय्यम निबंधकाच्या जवळचा, घराचा व्यवहार त्याच्याशिवाय होतच नाही. तो दोन्ही बाजूंचा असतो, त्याचे पैसे मात्र घेणाऱ्याने द्यायचे. कराराचा मसुदा आम्ही दोन आठवडे आधी मागून घेतला होता. त्यात दोन बदल करून घेतले. जुना फ्लॅट 'आहे तसा' विकतात, नंतर तक्रार चालत नाही, म्हणून न्हाणीघरातला गळका नळ विकणाऱ्याने दुरुस्त करायचा असं लिहून घेतलं. आणि आतलं स्वयंपाकघर ४,००० युरोंचं म्हणून वेगळं दाखवलं. त्या रकमेवर खरेदीकर लागत नाही, २२० युरो वाचले. आईने विचारलं होतं की बाईच्या नावावर घेतलं तर आपल्या महाराष्ट्रासारखी सवलत मिळते का. इथे नाही मिळत. घर दोघांच्या नावावर अर्धं-अर्धं आहे.

नोटार सगळा करार मोठ्याने वाचतो, शब्द न् शब्द. नवऱ्याचं जर्मन पुरेसं नाही म्हणून शपथबद्ध दुभाषी आणायला लावली, ३८० युरो. ती प्रत्येक परिच्छेद इंग्रजीत सांगायची. दीड तास. विकणाऱ्या आजी समोर हात जुळवून बसल्या होत्या. त्यांच्या यजमानांचं नाव वाचलं गेलं तेव्हा त्या खिडकीबाहेर बघत होत्या. सही करताना माझा हात कापत होता. बाहेर आल्यावर आजींनी मला विचारलं, विमानांचा आवाज सोसेल ना? मी म्हटलं, हो.

सही झाली म्हणजे घर झालं असं नाही. आधी ग्रुंडबुखमध्ये आपल्या नावाची राखीव नोंद होते, म्हणजे विकणाऱ्याला तेच घर दुसऱ्याला विकता येत नाही. ती २ मेला झाली. त्याआधी २४ एप्रिलला खरेदीकराची नोटीस आली, १०,६७० युरो, महिन्याची मुदत. हा कर भरून कर कार्यालयाचा दाखला निघाल्याशिवाय शेवटची नोंद होत नाही, त्यामुळे मी त्याच दिवशी भरला. १२ मेला नोटारचं पत्र आलं की आता किंमत द्या. त्या पत्राआधी कोणी पैसे मागितले तर एक सेंटही देऊ नका. २२ मेला बँकेने रक्कम वळती केली. जुन्या घरमालकांनी आम्हाला जूनअखेरपर्यंत राहू दिलं, नाहीतर महिनाभर सामान कुठे ठेवायचं हा प्रश्न होता.

३० मेला किल्ल्या मिळाल्या. वीज आणि पाण्याच्या मीटरचे आकडे हस्तांतराच्या कागदावर लिहिले, फोटो काढले. नळ दुरुस्त झाला होता. अण्णा व्हिडिओवर होते. त्यांनी बैठक बघितली नाही, स्वयंपाकघर बघितलं नाही. "आधी खाली ने," म्हणाले. मी फोन घेऊन केलरमध्ये गेले आणि दिवा लावून भिंतीवरून हळूहळू फिरवला, चारही बाजूंनी, जमिनीपासून वर. ते काही बोलत नव्हते. मग म्हणाले, "रेषा नाही कुठे."

सप्टेंबरमध्ये उतारा आला तेव्हा त्याची एक प्रत मी सांगलीला पाठवली. आपल्या सिटी सर्व्हेच्या मिळकत पत्रिकेसारखाच असतो. जागा कोणती, मालक कोण, बोजा किती. अण्णांना जर्मन येत नाही, पण माझं नाव आणि बोजाचा आकडा त्यांनी बरोबर शोधला. २०१९ ला त्यांच्या दिवाणखान्यातल्या कपाटातले घराचे कागद, माझ्या शाळेचे दाखले, सगळं भिजून लगदा झालं होतं. तेव्हापासून कागद माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत असतात, दुहेरी प्लास्टिकमध्ये. आईने सांगितलं, शिडी लावून ते स्वतः वर चढले आणि आमचा उतारा त्या पेटीत ठेवून आले.